तिकडची निवडणूक

उल्हासनगरच्या कॅम्प तीनमध्ये जीन्सचे कारखाने गल्लीगल्लीत आहेत, पण परदेशातल्या पक्षांच्या भांडणावर डोळ्यांत तेल घालून नजर ठेवणारी बाई सगळ्या कॅम्पात एकच होती, संध्या ओव्हाळ. बाकीच्या बायका धागे कापता कापता मोबाइलवर मालिका ऐकायच्या. संध्या एका अशा देशाच्या बातम्या ऐकायची, जो तिच्या शेठला नकाशात बोट ठेवून दाखवला असता तरी पटला नसता. भाषा तिला कळायची नाही. माणसं ओरडतायत की हसतायत, एवढं कळायचं आणि कुठला झेंडा जास्त दिसतो ते कळायचं. तेवढ्यावर ती दिवस ढकलायची.

घरी त्या देशाचं नाव कोणी घेत नसे. नुसतं 'तिकडं' म्हणायचे. आणि अमेरिकेला म्हणायचे 'मोठा'. नाव घेतलं की काहीतरी अंगावर येईल, अशी एक भीती घरात येऊन बसली होती. गंमत अशी की हे घर अशा भीतीला थारा देणारं नव्हतं. संध्याचे सासरे धर्मराज लहानपणी वडिलांचं बोट धरून नागपूरला गेले होते, छप्पनच्या ऑक्टोबरात, आणि भूतखेत, नवससायास, अंगात येणं हे सगळं तिथंच टाकून आले होते. अंबरनाथच्या कारखान्यात जन्मभर लेथ चालवली. ऐंशी उलटली तरी कुणी पितर म्हटलं की ते चष्मा काढून त्या माणसाकडे असे बघायचे, की त्याने पुढचं वाक्य गिळावं.

त्यांचा मुलगा मिलिंद, संध्याचा नवरा, तेलाच्या जहाजावर पंपमन होता. जहाजात तेल भरायचं आणि उतरवायचं, ते पंप त्याच्या हाताखाली. चार वर्षांपूर्वी त्याचं जहाज दुरुस्तीसाठी तिकडच्या बंदरात थांबलं. जहाजात जे तेल होतं ते मोठ्याच्या नावडत्या देशाचं होतं. हे घेऊ नका, असं त्यानं साऱ्या जगाला बजावलं होतं. अशी जहाजं त्या बंदरात वर्षानुवर्षं थांबायची आणि सगळे कानाडोळा करायचे. पण त्याच महिन्यात तिकडं सरकार बदललं होतं. नव्या सरकारला मोठ्याशी सूत जुळवायचं होतं आणि भेट म्हणून द्यायला हाताशी दुसरं काही नव्हतं. त्यांनी जहाज धरलं आणि खलाशांना तुरुंगात घातलं.

रविवारी दुपारी तुरुंगातून फोन लावायला मिळायचा. पहिल्याच फोनवर मिलिंदनं हे तिला समजावलं होतं, तेही हसत.

"आपल्या उल्हासनगरात पालिकेत पार्टी बदलली की काय होतं? कालपर्यंत जी बिल्डिंग कुणाला दिसत नव्हती, ती एकदम अनधिकृत होते. बुलडोझर येतो. बिल्डिंग तीच असते ना? स्लॅब पण तोच. तसं आहे हे."

"मग तुमचा गुन्हा काय?" संध्यानं विचारलं.

"काहीच नाय गं. आम्ही कैदी नाय, आम्ही अहेर आहोत. नव्या सरकारनं मोठ्याला केलेला अहेर. परत पार्टी बदलली की परत घेतील."

हे त्यानं थट्टेत म्हटलं होतं. संध्यानं ते पदराला गाठ मारून ठेवलं.

तिकडं पक्ष दोन. एकाचा झेंडा निळा, दुसऱ्याचा पिवळा. आता झेंड्याचा रंग बघून माणसं ओळखायची चूक कोणीही करेल, पण ही चूक फक्त आपलीच माणसं करू शकतात. लेकीनं, जिज्ञासानं, मोबाइलवर निळ्यांची सभा दाखवली तेव्हा धर्मराज कॉटवर उठून बसले. अख्खं मैदान निळं. जिकडं बघावं तिकडं निळे झेंडे, निळे फेटे, पोरं बापाच्या खांद्यावर. म्हातारा सहा डिसेंबरला दादरला उभा असल्यासारखा बघत राहिला.

"निळा आहे," ते म्हणाले. "माणसं वाईट नसणार. ह्यांच्या हातात कारभार आला तर मिलिंद सुटेल."

पुढचे कितीतरी महिने घरात निळ्यांची बाजू घेतली गेली. निळ्यांचा पुढारी टीव्हीवर आला की धर्मराज मान डोलवायचे. जिज्ञासा कॉलेजात जायला लागली, जरा वाचायला लागली, तेव्हा एक दिवस तिनं भीत भीत सांगितलं की आजोबा, कारभार निळ्यांच्याच हातात आहे. जहाज धरलं ते निळ्यांनीच. मोठ्याच्या पायाशी लोटांगण घालतात ते हेच. पिवळे त्यांच्या विरोधातले, ते म्हणतात मोठ्याचं ऐकायचं नाही, जहाज सोडा.

धर्मराज त्या दिवशी जेवले नाहीत. रंगानं दगा दिला, याचं त्यांना फार लागलं. तेव्हापासून त्यांनी टीव्हीकडे पाठ करून बसायला सुरुवात केली.

मग फोन बंद झाले. एका रविवारी आला नाही, दुसऱ्या रविवारी आला नाही. रामभाऊ म्हणून खलाशांच्या युनियनचे एक कार्यकर्ते होते, ते कल्याणहून विचारपूस करायचे. त्यांनी तिकडच्या वकिलामार्फत निरोप आणला की मिलिंदला दवाखान्याच्या कोठडीत हलवलंय, तिथं फोन नाही, तब्येत ठीक आहे. पुढच्या महिन्यातही तेच. त्याच्या पुढच्याही. तब्येत ठीक आहे. संध्याला हे तीन शब्द पटायचे नाहीत, कारण मिलिंदची तब्येत कधीच नुसती ठीक नसायची. एक तर गुडघा दुखायचा, नाही तर पोट बिघडायचं, आणि तो ते चवीनं सांगायचा.

त्याच सुमाराला मोरीतलं पिंप वाजायला लागलं.

सुट्टीवर आला की मिलिंदला एक खोड होती. मोरीत पाण्याचं मोठं प्लास्टिकचं पिंप आहे, त्याच्यावर बोटाच्या पेरानं दोनदा टकटक करायची, जरा थांबायचं, खाली एकदा वाजवायचं, आणि झाकण न उघडता सांगायचं की पाणी कमरेपर्यंत आहे. जहाजावर टाकीचा अंदाज घेता घेता लागलेली सवय. त्याचा अंदाज कधी चुकायचा नाही. आता तोच आवाज रविवारी दुपारी, फोनच्या वेळेला, आपोआप यायला लागला. टक टक. मग थांबून, टक.

पहिल्यांदा संध्या भाकरी टाकून धावली. मोरीत कोणी नव्हतं. पिंपाचं झाकण घट्ट होतं.

"पाइपात हवा धरलीय," धर्मराज पेपरातून डोकं न काढता म्हणाले.

"अण्णा, आज पाणीच आलं नाही."

"मग ऊन लागून प्लास्टिक तडतडत असेल."

मोरीला खिडकी नव्हती. ते दोघांनाही माहीत होतं. धर्मराजांनी पेपराचं पान उलटलं, पण पुढचा अर्धा तास ते एकच पान वाचत होते.

जिज्ञासा रविवारी दुपारी मैत्रिणीकडे अभ्यासाला जायला लागली. कुणी तिला का म्हणून विचारलं नाही. संध्या मात्र घरातून हलायची नाही. तिला भीती वाटायची आणि त्याहून जास्त भीती वाटायची ती आवाज बंद होण्याची. ती मोरीच्या दाराशी बसून राहायची आणि आवाज आला की हळूच म्हणायची, "आहे, आहे, भरपूर आहे पाणी."

अशात तिकडं पुन्हा निवडणूक लागली. संध्याचा जीव टांगणीला लागला. कारखान्यात तिच्या शेजारी चांगुणा बसायची, बदलापूरकडच्या गावातली, शेतकऱ्याघरची. जीन्सच्या ढिगाऱ्यात बसून दोघींची बोटं सारखीच निळी झालेली. कमरेमागच्या पट्टीवर मोठ्याच्या देशाचा झेंडा छापलेलं लेबल यायचं, त्याचे धागे कापायचं काम संध्याकडं. चांगुणा ते बघून रोज म्हणायची, "घे, काप त्याचं नाक."

त्या दिवशी मात्र ती गंभीर होती. "शंकराला नवस बोल एकदा. तो काय जात ईचारीत नाय."

"आमच्यात चालत नाही गं. अण्णांना कळलं तर घरात पाणी पिणार नाहीत."

"त्यांना सांगायला तुला कोन सांगतं?"

संध्या गेली. सुट्टी झाल्यावर शेअर रिक्षानं अंबरनाथच्या जुन्या शिवमंदिराला उतरली, वालधुनी नदीच्या कडेनं चालत गेली. गाभारा खाली आहे, पायऱ्या उतरून जायचं. ओल्या काळ्या दगडाला हात लावून उतरताना तिला सासऱ्यांची इतकी लाज वाटली की ती मधेच परत फिरणार होती. पण मागे लोक होते. खाली पोचल्यावर काय मागायचं ते तिला पटकन सुचेना. तिच्या डोक्यात वर्षभर एकच हिशोब पक्का बसला होता, पिवळे आले की मिलिंद आला. म्हणून ती म्हणाली, "पिवळे निवडून येऊ देत. सोमवारी अनवाणी येऊन दुधानं अभिषेक करीन."

हजार वर्षांत त्या देवापुढं परक्या देशाच्या पक्षासाठी नवस बोललेली ती पहिलीच बाई असावी. नवऱ्याचं नाव तिनं घेतलं नाही. ते वेगळं घ्यायला हवं, हे तिच्या ध्यानातही आलं नाही.

पिवळे आले. नुसते आले नाहीत, निळ्यांचा धुव्वा उडवून आले. शेठनं कारखान्यात मिठाई वाटली. "भाभी, तुम्हारी पार्टी आ गई," तो म्हणाला, आणि बायकांनी टाळ्या वाजवल्या. संध्यानं घरी येऊन मिलिंदचे शर्ट धुतले. धर्मराजांनी टीव्हीकडे तोंड केलं. जिज्ञासा कितीतरी दिवसांनी गाणं गुणगुणली.

पिवळ्यांनी शब्द पाळला. शपथ घेतली आणि पहिल्याच पंधरवड्यात खलाशांना सोडलं, वाजतगाजत, हार घालून, मोठ्याला झोंबेल असं. रामभाऊंचा फोन आला. सुटले, ते म्हणाले. कधी येतायत, असं संध्यानं विचारलं. "आकाश उद्या तुमच्याकडे येतोय," ते म्हणाले. "मी त्याला घेऊन येतो."

आकाश मिलिंदबरोबर धरलेला बदलापूरचा पोरगा, सगळ्यात धाकटा खलाशी. आला तेव्हा त्याच्या अंगावर नवा शर्ट होता आणि गळ्याची हाडं शर्टातून वर आली होती. त्यानं धर्मराजांच्या पायाला हात लावला आणि तिथंच खाली बसला.

"दादा गेले, वहिनी."

संध्या ऐकत राहिली. पायाला पत्रा लागला होता. जखम चिघळली. ताप चढला. डॉक्टर उद्या येईल, उद्या येईल म्हणाले. मोठ्याच्या देशाची माणसं त्या आठवड्यात तुरुंग बघायला येणार होती, त्यांच्यासमोर काही दिसायला नको, म्हणून पांघरुणात गुंडाळून मागच्या दारानं नेलं आणि पुरलं. बाकीच्यांना सांगितलं, तोंड उघडलंत तर तुमचंही असंच.

"कधी?" संध्यानं विचारलं.

"दीड वर्ष झालं. तारीख नाय माहीत. रविवार होता. फोनची वेळ होती ना, म्हणून लक्षात आहे. दादा सारखे म्हणत होते, मला फोनापर्यंत न्या."

धर्मराज मोरीकडे बघत होते. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना एखाद्या गोष्टीचं कारण सांगता येत नव्हतं आणि त्यांनी सांगायचा प्रयत्नही केला नाही.

संध्या रडली ती दुसऱ्या दिवशी, आणि रडता रडता तिला नवस आठवला. तिनं जे मागितलं ते देवानं दिलं होतं. पिवळे मागितले, पिवळे दिले. आणि पिवळे आले नसते तर? तर निळ्यांनी पुढं वर्षानुवर्षं कळवलं असतं, तब्येत ठीक आहे. तिला त्या तीन शब्दांची आठवण येऊन उमाळा आला. पुढच्या सोमवारी ती अनवाणी गेली आणि अभिषेक करून आली. बोलल्या शब्दाला जागणं भाग होतं. देवाकडे तिनं वर डोळे करून बघितलं नाही.

आता मिलिंदला घरी आणायचं, एवढंच राहिलं होतं. मूठभर हाडं का होईना, घरी यायला हवी होती. भन्तेजींना बोलवायचं, पंचशील म्हणायचं, पुण्यानुमोदन करायचं, चार माणसांनी पांढरे कपडे घालून बसायचं. ते झालं नाही तर तो मोरीतच राहणार, असं तिच्या मनानं घेतलं. कारण बातमी कळल्यावर आवाज थांबायला हवा होता. थांबला नाही. उलट आता रविवारची वाट बघत नव्हता.

तिनं रामभाऊंमार्फत पिवळ्या सरकारला विनंती केली. उत्तर मोठं गोड आलं. तुमचे पती आमच्या देशाचे हुतात्मा आहेत. त्यांना आम्ही तुरुंगाच्या आवारातून काढून बंदरावर सन्मानानं पुरणार आहोत, वर चौथरा बांधणार आहोत, जहाजातून येणाऱ्या प्रत्येकाला दिसेल असा. आपण दोन शब्द बोलून पाठवावेत. दिल्लीतूनही एका अधिकाऱ्याचा फोन आला. इथल्या नव्या सरकारचंही मोठ्याशी काही बोलणं चाललंय, वेळ नाजूक आहे, सबुरीनं घ्या, असं त्याचं म्हणणं होतं.

संध्यानं दोन शब्द बोलायचं ठरवलं. जिज्ञासानं मोबाइल धरला. संध्या भिंतीला टेकून बसली आणि म्हणाली, "तुम्ही माझ्या माणसाचा मान ठेवलात, बरं केलंत. पण त्याला घरी पाठवा. त्याचे वडील म्हातारे आहेत. आम्हाला त्याचं करायचंय." एवढंच.

चौथऱ्याच्या उद्‌घाटनाच्या दिवशी आकाश आणि रामभाऊ त्यांच्या घरी आले. सगळ्यांनी मिळून मोबाइलवर बघितलं. बंदरावर पिवळ्या झेंड्यांचा महापूर. मोठ्या पडद्यावर संध्या दिसली, वीतभर डोळ्यांची, घराच्या भिंतीचा पोपडा उडालेला. ती बोलत होती आणि खाली तिकडच्या भाषेत अक्षरं सरकत होती. गर्दीनं मुठी वर केल्या. कुणीतरी मोठ्याच्या देशाचा झेंडा पेटवला.

चार वर्षांत आकाश ती भाषा शिकला होता. संध्यानं त्याच्याकडे बघितलं.

"काय लिहिलंय?"

"जाऊ दे ना, वहिनी."

"सांग."

"लिहिलंय की, ज्यांनी मोठ्याची गुलामी केली त्यांनी माझा नवरा मारला. त्याला तुमच्या मातीत ठेवा. त्याचं रक्त विसरू नका."

धर्मराजांनी मोबाइल उलटा केला. मोरीत टकटक झाली. या वेळी रामभाऊंनीही ऐकली.

शेवटी रामभाऊच बोलले. माणूस तीस वर्षं बंदरात फिरलेला, खोटा दिलासा देणाऱ्यांतला नव्हता. "पिवळे त्याला पाठवायचे नाहीत, ताई. तो त्यांच्या कामाचा आहे तिथं. मागच्या वेळी पण त्यांनी असाच एक पुतळा उभारला होता बंदरावर. निळे आले आणि मोठ्याचा मंत्री भेटीला यायच्या आधी त्यांनी तो रातोरात उचलला. हा चौथरा पण ते ठेवणार नाहीत. मोठ्याच्या डोळ्यांत खुपेल असं काही ते ठेवत नाहीत. उकरतील आणि गुपचूप घरच्यांकडे पाठवून मोकळे होतील."

"म्हणजे निळे आले तर तो येईल," संध्या म्हणाली.

"आले तर."

ते दोघं गेले. जिज्ञासा गच्चीवरचे कपडे आणायला गेली. संध्यानं मोबाइल सरळ केला आणि शोधून शोधून निळ्यांची सभा काढली. हरल्यानंतरची, रोडावलेली सभा. तोच पुढारी, ज्याच्या तुरुंगात मिलिंद फोनापर्यंत न्या म्हणून विनवत मेला. तो हात जोडत होता. गर्दी आणखी हवी होती, असं संध्याला वाटलं, आणि तसं वाटल्याची तिला शिसारी आली. तरी तिनं मोबाइल ठेवला नाही.

धर्मराज शेजारी येऊन बसले. मोतीबिंदूचे डोळे त्यांनी पडद्याजवळ नेले.

"हेच ना ते?"

"हेच, अण्णा."

"ह्यांनीच मारला त्याला."

"हो."

म्हातारा कितीतरी वेळ त्या झेंड्यांकडे बघत राहिला. मग त्यांनी विचारलं, "पुढची निवडणूक कधी आहे तिकडं?"

"चार वर्षांनी. आताच झाली ना."

"निळे येतील?"

"यायला पाहिजेत," संध्या म्हणाली, आणि तिला रडू फुटलं.

धर्मराजांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. आकाश बातमी घेऊन आला त्या दिवसापासून त्यांनी औषधं सोडली होती. आता कशाला, म्हणायचे, आणि तिनंही आग्रह धरला नव्हता. ते भिंतीला धरून उठले आणि फळीवर चाचपायला लागले.

"ती बीपीची गोळी कुठं ठेवलीस?" त्यांनी विचारलं. "दे मला. आणि हृदयाची पण दे. चार वर्षं काढायचीत."